डागांचं गाठोडं

सगळी गल्ली माझ्या बाबांना करप्या म्हणायची. तोंडावर म्हणायची, आणि बाबा ओ द्यायचे. लाँड्रीवाल्याला करप्या म्हणणं म्हणजे गवयाला बेसूर म्हणण्यासारखंच. पण गिऱ्हाइकाचा एकही कपडा आमच्या टेबलावर कधी करपला नाही, हे त्याच गल्लीला पुरतं ठाऊक होतं. करपायच्या त्या लॉजच्या चादरी. आणि त्या बाबा मुद्दाम करपवायचे.

कोपऱ्यावरच्या लॉजच्या चादरी आमच्याकडे धुवायला येत. धुऊन धुऊन विरलेली चादर लॉजवाला परत नेत नसे. ‘फरशी पुसायला घ्या,’ म्हणायचा. त्या चादरीनं आमच्याकडे कधी फरशी पाहिली नाही. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की बाबा शटर अर्धं खाली ओढायचे, टेबलावर चादर पसरायचे आणि ती जुनी, जड इस्त्री तापत ठेवायचे. जिथं कापड पांढरं राहायला हवं तिथं ओलं बोट फिरवायचं. मग इस्त्रीचं टोक टेकवायचं आणि थांबायचं. थांबणं हेच सगळं काम. आधी दुधावरच्या सायीचा रंग यायचा, मग चहाचा, मग वाळल्या पानाचा, मग काळा. काळ्याच्या पुढे भोक.

‘नाक म्हणतं, आता उचल,’ बाबा मला सांगायचे. ‘डोळा म्हणतो, थांब जरा. दोघांचं भांडण लागतं बघ. त्या भांडणात चित्र होतं.’

हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आत्या गेल्याचा निरोप आला तेव्हा बाबांच्या हाताखाली आमच्याच घरचा उशीचा अभ्रा होता. बाबा उभे राहिले ते उभेच राहिले, आणि इस्त्री त्या अभ्र्यावर. आई धावत आली, इस्त्री उचलली, तर खाली तपकिरी रंगात एक वाकलेली पाठ उमटली होती. अगदी आत्याची. विहिरीत वाकून पाहावं तसे बाबा त्या डागाकडे पाहत राहिले. तिथून त्यांच्या हाताला तहान लागली ती लागलीच.

चित्रांत माणसं नसायची, कपडे असायचे. बाबांना माणसं कपड्यांवरूनच तर ठाऊक. कुणाची कॉलर मानेपाशी घासते, कुणाच्या खिशाला शाईचा डाग असतो, कुणाची विजार गुडघ्यात फुगते. एका चादरीवर रिकामे शर्ट बाहीत बाही घालून डोंगर चढत होते. दुसरीवर गुडघे फुगलेल्या विजारी नदी ओलांडत होत्या, पाण्याला भिऊन थोड्या वर धरलेल्या. एका चादरीवर एकच लहान फ्रॉक, आणि बाकी सगळं रान. त्या रानात असे पक्षी, की कुठल्या झाडावर कुणी पाहिले नसतील.

आईचं तोंड चालायचं. ‘अख्खं गाव आपल्याकडे डाग घालवायला येतं, आणि आमचे मालक दुपारभर डाग पाडत बसतात. कुणाला सांगायची सोय आहे का?’

‘सांग ना,’ बाबा म्हणायचे. ‘मी कुठं लपवतोय?’

‘लपवायलाच हवं. लाँड्री आहे ही. लोक बघतील तर कपडे देतील का?’

आतल्या खोलीत खाटेखाली एक पत्र्याची ट्रंक होती. करपलेली चादर झाली की त्या ट्रंकेत जायची. आई त्याला डागांचं गाठोडं म्हणायची. पण थंडीत पांघरुणं कमी पडली तरी त्यातली चादर तिनं कुणाला पांघरू दिली नाही. हवा पालटली की डांबराच्या गोळ्या तीच टाकायची, घड्या तीच बदलायची. ‘मेली कसर लागेल,’ एवढंच म्हणायची, जणू कसर लागणं तेवढंच वाईट. त्यातली एकच चादर बाहेर होती, शर्टांच्या डोंगराची. दुकानातून आत यायच्या दाराला पडदा नव्हता म्हणून ती तिथं लटकली, आणि राहिली.

मग बाबांच्या डोळ्यांत काठाकाठानं अंधार चढायला लागला. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही, आहे ते राखू. थेंब दिले. आम्ही थेंब घालत राहिलो, आणि अंधार आपला चढत राहिला. शेवटच्या चादरीवर बाबांनी इस्त्री टेकवली, नाक म्हणालं उचल, आणि डोळा काहीच म्हणाला नाही. भांडणच झालं नाही. धूर आला तेव्हा मी इस्त्री काढून घेतली. बाबांनी तिची वायर शांतपणे तिच्याभोवती गुंडाळली आणि म्हणाले, ‘एकट्या नाकाचं राज्य नको.’

त्यानंतर दुकान आई आणि मी बघायचो. बाबा स्टुलावर बसून घड्या घालायचे. घडी घालायला डोळे लागत नाहीत.

अशात त्या बाई आल्या. कोट इस्त्रीला दिला होता तो न्यायला. मी कोट काढून काउंटरवर ठेवला, तर बाईंचं लक्ष कोटाकडे नव्हतंच. दाराच्या पडद्याकडे बघत होत्या. बघता बघता काउंटरच्या आत आल्या, कुणाला न विचारता.

‘हे कुणी केलं?’

‘काय झालं?’ आई घाईनं पुढे आली. ‘ते आमचं घरचं आहे हो. गिऱ्हाइकाचं नाही. गिऱ्हाइकाचं काही करपत नाही आमच्याकडे.’

‘नाही, नाही. मी म्हणतेय, कुणी काढलंय हे?’

बाबा स्टुलावरून उठले. शाळेत नाव पुकारल्यावर उठावं तसे.

बाई संग्रहालयात काम करत. जे कुठं शिकले नाहीत, कुणी ज्यांना चित्रकार म्हटलं नाही, अशांची कामं गोळा करून जपायचं त्यांचं खातं होतं. आम्हाला ऐकून हसू आलं. अशांसाठी वेगळं खातं असतं, हेच आम्हाला नवं.

‘कुठं शिकलात तुम्ही?’ बाईंनी विचारलं.

‘इथंच. या टेबलावर.’

‘कुणाकडे?’

‘इस्त्रीकडे,’ बाबा म्हणाले.

मी ट्रंक बाहेर ओढली. बाई जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि एकेक चादर मांडीवर घेऊन उलगडत गेल्या. मध्येच चष्मा पुसायच्या.  शेवटी म्हणाल्या, सगळ्या नेऊ. एकही इथं ठेवायची नाही. थंड, अंधाऱ्या खोलीत, आडव्या, ऊन लागू न देता. वर्षातून काही दिवस लोकांना दाखवायच्या, मग परत झोपवायच्या.

बाबांनी एकच विचारलं. ‘टिकतील का तिथं?’

‘तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त.’

बाबा हसले. पुष्कळ दिवसांत हसले नव्हते. ‘मग न्या,’ म्हणाले. ‘आता माझ्याकडून दुसरं काही होणार नाही. माझं जेवढं बघून झालं तेवढं त्या ट्रंकेत आहे. घरात काय, आमच्याबरोबर संपेल.’

संग्रहालयाच्या समितीचे दोघे आणि चादरी गुंडाळायला मोठ्या नळकांड्या घेऊन येत्या गुरुवारी येते, असं सांगून बाई निघाल्या. दारात थांबून आईला म्हणाल्या, ‘काही तयारी करू नका हं. आहे तसंच राहू द्या.’

‘हो, हो,’ आई म्हणाली.

शेजारच्या शिंपीकाकांना बातमी लागायला वेळ लागला नाही. ‘काय रे करप्या, तुझं करपलेलं काचेत बसणार म्हणे! माझ्या वाकड्या शिलाईचंही बघ की कुठं खातं असलं तर.’

‘तुझी शिलाई वाकडी नाही, आंधळी आहे,’ बाबा म्हणाले. ‘आंधळ्यांचं खातं मी आता उघडतोय. ये, पहिला नंबर तुझा.’

दोघं इतके हसले की समोरचा चहावाला बघायला आला.

आई मात्र त्या दिवसापासून निराळीच झाली. उभ्या जन्मात जे गाठोडं झाकलं ते आता पाहुण्यांपुढे उघडायचं. काउंटर घासला. फळ्यांवर नवे कागद घातले. बाबांचा सदरा दोनदा धुतला. मी म्हटलं, ‘आई, त्या काही करू नका म्हणाल्यात ना?’

‘सगळेच पाहुणे म्हणतात तसं,’ ती म्हणाली. ‘म्हणून आपण काही करायचं नाही होय? ते त्यांचं बोलणं. आपलं आपण समजायचं असतं.’

बाबा आणि मी हसलो. आम्हाला वाटलं, चहाबिस्किटांचं चाललंय.

बुधवारी बाबांना डॉक्टरांकडे न्यायचं होतं. सकाळी आम्ही निघालो. तिथं रांग, थेंब, पुन्हा रांग, आणि शेवटी डॉक्टर तेच म्हणाले जे दर वेळी म्हणायचे. परत येताना बाबा बोलत होते. त्या थंड खोलीत फ्रॉकची चादर कुठल्या बाजूला ठेवतील, विजारी शर्टांशेजारी ठेवतील का, असलं काहीबाही. मी हं हं म्हणत त्यांचा हात धरून चालले होते.

मागच्या अंगणाच्या फाटकातून आम्ही आत शिरलो. सगळ्या दोऱ्या भरल्या होत्या. वाऱ्यावर पांढऱ्याशुभ्र चादरी हलत होत्या, आणि त्यांच्यातून पलीकडचं आकाश दिसत होतं. मला आधी कळलंच नाही, की चादरीतून आकाश कसं दिसेल.

टबाशेजारी आई बसली होती. तिच्या एका हातात चहाची गाळणी होती. दुसऱ्या हातानं तांब्या भरून ती टबातलं पाणी गाळणीवर ओतत होती. गाळणीत तपकिरी चुरा साठला होता, उकळून टाकलेल्या चहापत्तीसारखा. तो ती बाजूच्या ताटलीत झटकायची आणि पुन्हा तांब्या भरायची. मी आले ते तिनं पाहिलं, पण हात थांबला नाही.

‘आई.’

‘डाग नव्हते घालवायचे गं,’ ती म्हणाली. ‘नुसता मळ काढायचा होता. वर्षांचा मळ. डांबराच्या गोळ्यांचा वास. असं कसं द्यायचं पाहुण्यांच्या हातात? आपल्या दुकानातून न धुतलेलं कधी काही गेलंय का?’

घरच्या रीतीनं तिनं सगळं एकदमच केलं होतं. ऊन पाणी, त्यात धुण्याचा सोडा, त्यात सगळ्या चादरी भिजत. दाराच्या पडद्याची तर सगळ्यात आधी, कारण तो सगळ्यात मळका. लाँड्रीत कुणी एकेक चादर भिजवत नाही. मुरल्या असतील म्हणून तिनं पहिली वर उचलली, तर ती हातात आली आणि तिचे डोंगर पाण्यात राहिले. फिकट होतं ते विरघळून गेलं, गडद होतं ते गळून पडलं. तोवर बाकीच्या सगळ्या पाण्याखाली होत्या. मग तिनं एकही पिळली नाही. एकेक दोन्ही हातांवर आडवी घेऊन, नवजात लेकराला न्हाऊ घालून बाहेर काढावं तशी नेली, दोरीवर अंथरली. काय करायचं ते कळत नव्हतं, म्हणून जे येत होतं ते केलं.

‘कसला वास येतोय?’ फाटकापाशी उभे असलेले बाबा म्हणाले. ‘सोडा? आज बुधवार ना? आज लॉजचं धुणं नसतं.’

 बाबांनी हात पुढे केला आणि चालत आले. पहिल्या दोरीपाशी त्यांचा हात ओल्या कापडाला लागला. त्यांनी चादरीचा काठ ओळखला, काठाची दुमड ओळखली. हात आत सरकला. मग त्यांची बोटं भोकातून पलीकडे गेली. पलीकडे गेलेला हात तिथंच राहिला, हवेत, काहीतरी धरायला पुढे केल्यासारखा.

‘ही कुठली?’ बाबांनी विचारलं.

‘विजारींची,’ मी म्हणाले.

त्यांनी भोकांच्या कडा चाचपल्या. एक, मग तिच्याशेजारची, मग खाली. ‘हो,’ म्हणाले. ‘हा गुडघा. हा दुसरा. नदी नाही राहिली?’

‘नाही.’

‘ती फिकटच होती.’ दोरीच्या आधारानं ते पुढच्या चादरीकडे गेले. तिथूनही पुढे गेले. एकेका भोकात बोटं घालून त्यांनी सगळं ओळखलं, आणि दर वेळी मला खात्री करायला विचारलं. शेवटच्या चादरीशी आल्यावर मात्र विचारलं नाही. ती फ्रॉकची होती.

आई उठून उभी राहिली होती. तिच्या साडीला तपकिरी पाणी लागलं होतं. ‘अहो, बोला ना काहीतरी,’ ती म्हणाली. ‘शिव्या द्या. जन्मभर मी बोलले, एकदा तुम्ही बोला.’

‘काय बोलू?’

‘काहीही बोला. पण बोला.’

‘धुतलंस,’ बाबा म्हणाले. ‘तू दुसरं काय करणार होतीस?’ त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. आई मटकन खाली बसली आणि ताटलीतला चुरा बोटांनी सारखा करत राहिली. सारखा करता करता तिच्या तोंडून काहीतरी निघालं, धुणं धुताना ती नेहमी पुटपुटायची तशा चालीवर, पण शब्द नवे होते:

*डागामागं गेला गं धागा, धाग्यामागं गेलं रान*
*कुणाकुणाला पुसू आता, कुठं राहिलं माझं भान*

शिंपीकाका कुंपणावरून डोकावले. चादरी बघितल्या, आईला बघितलं, आणि पहिल्यांदाच त्यांना काही विनोद सुचला नाही. ‘रफू करतो,’ म्हणाले. ‘सगळ्या करून देतो. आज रातोरात.’

‘कर की,’ बाबा म्हणाले. ‘पक्षी कसा होता ते ठाऊक आहे का तुला?’

काका कुंपणाला धरून उभे राहिले. नंतर केव्हातरी गेले.

गुरुवारी बाई आल्या, ठरल्याप्रमाणे. दोघं जण, लांब नळकांड्या. मी आदल्या दिवशीच फोन करून सांगितलं होतं. तरी आल्या. मी सांगितलं त्यावर त्यांचा विश्वास बसला नसावा, किंवा बसवून घ्यायचा नसावा. आम्ही चादरी टेबलावर मांडल्या. आई दारापाशी उभी होती, भिंतीला चिकटून. बाईंनी पहिली चादर उजेडात धरली. त्या चादरीची सावली त्यांच्या चेहऱ्यावर पडली, भोकांसकट.

सोबतच्या एकानं हळूच विचारलं, ‘असंच... असंच घेता येईल का? भोकांसह?’

बाईंनी चादर पुन्हा टेबलावर अंथरली. ‘हे यांचं काम नाही,’ शेवटी म्हणाल्या. ‘हे आपण यांचं म्हणून कसं दाखवणार?’ मग माझ्याकडे वळल्या. ‘फोटो? एखादा तरी?’

माझ्या फोनमध्ये एकच निघाला. मावशी आली होती तेव्हाचा. पडद्यापुढे मावशी उभी, दात काढून हसतेय, आणि तिच्या खांद्यावरून दोन बाह्या दिसताहेत. बाईंनी तो मोठा करून पाहिला. मोठा केला तशा बाह्या पुसट झाल्या.

आईनं चहा आणला. त्यांनी घेतला. आई पुन्हा पुन्हा म्हणत होती, ‘बिस्किट घ्या ना, घ्या ना एक.’ जाताना दोघांनी नळकांड्या उचलल्या. रिकाम्या होत्या, तरी जपून, आडव्या धरून नेल्या. बाई बाबांचे दोन्ही हात हातात घेऊन उभ्या राहिल्या.  कोट मात्र विसरून गेल्या. आल्या तेव्हा अंगातून काढून खुर्चीवर टाकला होता, तो तिथंच राहिला.

त्या गेल्या. बाबा स्टुलावर. मी काउंटरला. आई आत गेली, आणि ट्रंक उघडल्याचा आवाज आला. रिकाम्या ट्रंकेचा आवाज मोठा असतो. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक कोरी चादर होती, घडी न मोडलेली, कुणी आलं-गेलं तर म्हणून तिनं कधीची राखलेली. ती तिनं टेबलावर पसरली. फळीवरून बाबांची इस्त्री काढली, वायर सोडवली, बटण शेवटच्या टोकाला फिरवलं.

‘इकडे या,’ ती म्हणाली. ‘स्टूल ओढा. तुम्ही नाकानं सांगा, मी डोळ्यानं बघते. भांडण लागतं ना? लागू दे. जन्मभर भांडलोच आहोत.’

बाबांनी मान हलवली, नको म्हणून. मग वास आला, तापलेल्या लोखंडाचा, आणि ते उठले. स्टूल टेबलाला लावलं. ओलं बोट चादरीवरून फिरवलं, एक गोल, एक लांब रेघ. ‘इथं,’ म्हणाले. ‘टोक टेकव. हलवू नकोस. मी सांगेपर्यंत उचलायची नाही.’

आईनं टोक टेकवलं.  कापडाचा उबदार वास आला, मग त्यात किंचित काहीतरी गोडसर मिसळलं. बाबांच्या नाकपुड्या फुलल्या. ‘आता येईल,’ ते म्हणाले. ‘ठेव, ठेव, साय येतेय...’

इस्त्री वर आली.

‘उचललीस?’

‘मी नाही उचलली,’ आई म्हणाली. ‘हात उचलला गेला.’

‘पुन्हा ठेव.’

पुन्हा ठेवली. वास आला, तोच, तिथपर्यंतच, आणि करपायच्या उंबरठ्यावरून इस्त्री पुन्हा वर. तिच्या उजव्या हाताला जन्मभर एकच काम ठाऊक होतं: हा वास आला की उचलायचं. आईनं डाव्या हातानं उजवा मनगटात दाबून धरला. तरी उचलला गेला. मग बाबांनी आपला पंजा तिच्या मुठीवर ठेवला आणि दाबला, नसा वर येईतो दाबला. आई ओठ चावत होती. तिचा हात त्यांच्या हाताखाली वळला, निसटला, आणि इस्त्री चादरीवरून सरळ, गुळगुळीत सरकत काठापर्यंत गेली. जशी जायची तशी.

‘अहो, होत नाहीये,’ ती म्हणाली. ‘मला हवंय हो. पण होत नाहीये.’

बाबांनी तळवा चादरीवर ठेवला. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. कापड ऊन होतं. एक सुरकुती नव्हती.

‘रंग आला का थोडा?’ त्यांनी विचारलं.

आईनं चादरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली.

‘पांढरी आहे,’ ती म्हणाली, आणि इस्त्री पुन्हा टेकवली.